स्टीलच्या चमचे-काटे-सुऱ्यांवरचे डाग: गंज, पांढरे ठिपके, तपकिरी थर

नीलाक्षी
रोजच्या वापरातल्या स्टीलच्या चमच्या-काट्यांवर आणि जेवणाच्या सुऱ्यांवर तीन तऱ्हेचे डाग दिसताहेत.
१. वाळल्यावर पांढरे ठिपके. साबणाने जात नाहीत.
२. चहाच्या चमच्यांच्या खोलगट भागात तपकिरी थर.
३. सुऱ्यांच्या पात्यावर आणि काही काट्यांच्या दातांच्या मध्ये तांबूस ठिपके.
पाणी बोअरवेलचं आहे. भांडी घासायला बार, शेवटी नळाखाली विसळणं, मग सिंकशेजारच्या उभ्या स्टँडमध्ये निथळत ठेवणं, असा क्रम आहे. स्टेनलेस म्हणून घेतलेल्या वस्तूला गंज का चढावा? आणि तिन्ही डागांना एकच उपाय चालेल का?

क्रोमियम
एकच उपाय चालणार नाही, कारण तिन्ही डागांची जात वेगळी आहे. आधी डाग ओळखा, मग हात लावा. बहुतेक चमचे डागांमुळे कमी आणि चुकीच्या घासण्यामुळे जास्त खराब होतात.

पांढऱ्या ठिपक्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत ठिपका विरघळला तर तो जड पाण्यातला चुना.

तांबूस ठिपक्यावर खायच्या सोड्याची दाट पेस्ट (३ भाग सोडा, १ भाग पाणी) मऊ कापडाने चोळा. ठिपका गेला आणि खाली पृष्ठभाग सपाट, चकचकीत निघाला, तर तो गंज बाहेरून आलेला, म्हणजे दुसऱ्या लोखंडाचे कण चिकटून गंजलेले. ठिपक्याखाली टाचणीच्या टोकाएवढा काळा खड्डा दिसला, तर चमचाच खाल्ला गेला आहे. उजेडात तिरका धरून बघा, भिंग असेल तर उत्तमच.

आता गंज का. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटरचा पापुद्रा तयार होतो. तो ओरखडला गेला तरी हवा-पाणी लागताच पुन्हा जमतो. या पापुद्र्याचा खरा वैरी क्लोराइड. मीठ, लोणच्याचा खार, ब्लीच, बोअरचं खारट पाणी, सगळ्यात तो आहे. क्लोराइड एका बिंदूवर पापुद्रा फोडतं, त्या सूक्ष्म खड्ड्यातलं पाणी आम्लधर्मी होतं, आणि मग पापुद्रा पुन्हा जमायला वावच मिळत नाही. खड्डा आत आत जात राहतो. म्हणून खारट खरकटं सिंकमध्ये रात्रभर भिजत ठेवणं चमच्यांना सर्वात वाईट. नुसतं वाळलेलं खरकटं त्या मानाने परवडलं.

शेगडी
पांढऱ्या ठिपक्यांसाठी तांब्या-पितळेला करतात तसं लिंबाच्या फोडीला मीठ लावून घासलं तर चालेल का?

क्रोमियम
@शेगडी, तांब्या-पितळेला चालतं, स्टीलला नको. आम्ल आणि क्लोराइड एकत्र म्हणजे वर सांगितलेल्या खड्ड्याची तयारीच. शिवाय मिठाचे खडे आरशासारख्या पॉलिशवर बारीक ओरखडे पाडतात ते वेगळंच. नुसतं लिंबू चालेल, मीठ वगळा. जास्त चमचे असतील तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, स्वस्तही पडतं आणि प्रमाणही हातात राहतं. कृती अशी:

प्लास्टिकचं टब किंवा काचेचं भांडं घ्या. ॲल्युमिनियमचं नको, आम्ल त्यालाही खातं. १ लिटर कोमट पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंशांच्या, म्हणजे हाताला चांगलं गरम लागेल पण भाजणार नाही अशा, ४० ग्रॅम लिंबूफूल विरघळवा. चहाचा चमचा सपाट भरला तर साधारण ५ ग्रॅम, म्हणजे आठ चमचे. आधी साबणाने धुऊन तेल काढलेले चमचे-काटे त्यात पूर्ण बुडवा. तेलाचा थर राहिला तर आम्ल खाली पोचतच नाही, आणि लोक म्हणतात लिंबूफुलाने काही झालं नाही. २० मिनिटांनी काढा, साबणाने पुन्हा धुवा, भरपूर पाण्यात विसळा आणि लगेच पुसा.

फक्त चुना काढायचा असेल तर अर्धं प्रमाण आणि १० मिनिटं पुरतात. ४ टक्के आणि २० मिनिटं एवढ्यासाठी सांगितली की तेवढ्यात चिकटलेले लोखंडाचे कणही विरघळतात आणि क्रोमियमचा पापुद्रा नीट बसतो. कारखान्यांतही स्टीलच्या वस्तू याच तत्त्वावर सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून काढतात.

सुऱ्या मात्र या टबात टाकू नका. त्यांचं पोलाद वेगळं असतं, पातं काळपट पडू शकतं.

पळीवाढी
चहाच्या चमच्यांवरच्या तपकिरी थराबद्दल. चहातले टॅनिन आणि जड पाण्यातलं कॅल्शियम मिळून तो थर धरतो. नुसत्या सोड्याने तो अर्धाच निघतो, कारण कॅल्शियमला सोडा काही करत नाही. म्हणून आधी क्रोमियमने सांगितलेल्या लिंबूफुलाच्या पाण्यात १० मिनिटं, मग विसळून १ लिटर कढत पाण्यात १ मोठा चमचा खायचा सोडा घालून १५ मिनिटं. नंतर मऊ स्पंजने पुसलं की थर सुटतो.

दोन्ही एकत्र करू नका. व्हिनेगर आणि सोडा मिसळून फसफसणारं मिश्रण बरेच जण सांगतात. फेस बघायला बरा वाटतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्यात चुना विरघळवायची ताकद नाही आणि तेल काढायचीही नाही. एक संपवा, विसळा, मग दुसरं.

उलथनं, झारा, डाव यांच्यावर जो पिवळा-सोनेरी चिकट थर चढतो तो जळून घट्ट झालेल्या तेलाचा. त्याला धुण्याचा सोडा लागतो. १ लिटर गरम पाण्यात २ मोठे चमचे, अर्धा तास. हातमोजे घाला, कातडी सोलवटते. लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ असेल तर मूठ बाहेर ठेवा.

शेगडी
फोडणीच्या पळीच्या बुडाला निळा-सोनेरी रंग आलाय, तोही तेलाचाच का?

क्रोमियम
बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागलं आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी बदलत असेल तर तेल नाही, तापण्याचा रंग आहे. उष्णतेने ऑक्साइडचा पापुद्रा जाड होतो आणि प्रकाश वेगवेगळा परावर्तित होतो. साधारण ३०० अंशांच्या आसपास पिवळसर, ५५०-६०० ला निळा. पातळ व्हिनेगर नको, बाटलीतलं सरळ घ्या, कापडाने ५ मिनिटं ओलं ठेवा, मग चोळा. फिका रंग जातो. गडद निळा पूर्ण जात नाही, आणि तसा धोकाही नाही. फक्त तेवढ्या जागी पापुद्र्याखालचं क्रोमियम कमी झालेलं असतं, म्हणून पळी ओली ठेवली की पहिला गंज तिथेच दिसेल.

नीलाक्षी
धन्यवाद. सुऱ्यांचं पोलाद वेगळं म्हणजे कसं? एकाच सेटमधले चमचे ठीक आणि सुऱ्याच गंजलेल्या, हे कोडं सुटत नाही.

धारवाला
हा प्रश्न फार जणांना पडतो आणि दुकानदार नीट सांगत नाहीत, म्हणून सविस्तर.

चमचे-काटे सहसा १८/८, १८/१० किंवा १८/०. पहिला आकडा क्रोमियमचा टक्का, दुसरा निकेलचा. १८/८ म्हणजेच ३०४ दर्जा. निकेल नसलेलं १८/० स्वस्त, आणि मिठापुढे कमी टिकतं. पण यातलं कुठलंच पोलाद उष्णता देऊन कडक करता येत नाही, त्याला धार टिकत नाही. म्हणून सुरीचं पातं साधारण १३ टक्के क्रोमियम आणि जास्त कार्बन असलेल्या पोलादाचं करतात. कार्बनने कडकपणा येतो, पण तोच थोडं क्रोमियम अडवून ठेवतो, आणि पापुद्र्याला क्रोमियम कमी पडतं. शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रेअरलीने ओतलेलं पोलादही साधारण याच प्रमाणाचं होतं. म्हणजे शंभर वर्षांनंतरही हा सौदा तसाच आहे: धार हवी तर गंजरोधकपणा थोडा सोडावा लागतो.

लोहचुंबक लावून बघा. सुरीचं पातं चिकटणारच, त्यात खोट नाही. चमचा घट्ट चिकटला तर १८/०. चिकटला नाही म्हणून लगेच ३०४ समजू नका! निकेल वाचवून मँगनीज घातलेलं २०० मालिकेतलं पोलादही चुंबकाला चिकटत नाही, आणि बाजारातली बरीच हलकी भांडी त्याचीच असतात. उलट अस्सल ३०४ चा चमचा दांडीच्या वळणावर किंचित ओढला जातो, कारण थंड अवस्थेत ठोकून वाकवल्याने तिथली रचना बदलते. चुंबकाने एवढंच कळतं, त्यापुढे दुकानाचं बिल आणि दांडीवरचा शिक्का.

सुऱ्यांसाठी नियम: जेवण झालं की पाच-दहा मिनिटांत धुवा. भिजत ठेवू नका. धुतल्या धुतल्या पुसा, पात्याच्या पाठीकडून धारेकडे. तांबूस ठिपका दिसला की त्याच दिवशी सोड्याची पेस्ट, बुचाच्या तुकड्याने, पात्याच्या लांबीच्या दिशेने. उरलाच तर व्हिनेगरचा बोळा २ मिनिटं, जास्त नाही, मग धुऊन कोरडं.

मूठ पोकळ आहे का तेही बघा. पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे बारीक सांधा दिसला आणि सुरी हाताला हलकी लागली तर पोकळ. कढत पाण्यात बुडवून ठेवली की सांध्यातला चिकट पदार्थ सैलावतो, पाणी आत जातं, आणि नंतर सांध्यातून तांबडं पाणी झिरपत राहतं. त्यावर घरी इलाज नाही. अखंड एकाच तुकड्याच्या सुरीला ही भीती नाही.

रत्नागिरीची
किनाऱ्यालगतच्या घरांसाठी जोड. इथे हवेतच मीठ आहे. न वापरता उघड्या स्टँडवर ठेवलेल्या चमच्यांवरही पावसाळ्याआधी तांबूस झाक येते. झाकणाच्या डब्यात किंवा खणात ठेवा, पूर्ण कोरडे करून. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला सेट महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुऊन पुसायला हवा, वापरला नसला तरी.

आणि लोणच्याच्या बरणीत, मिठाच्या डब्यात, आगळाच्या बाटलीजवळ स्टीलचा चमचा ठेवून देऊ नका. आगळात मीठ आणि आम्ल दोन्ही भरपूर. वाढण्यापुरता चमचा घाला, लगेच काढा आणि धुवा. बरणीत कायमचा ठेवायचा तर लाकडी किंवा चिनी मातीचा.

अनुजा_घरकाम
घासणीबद्दल कुणी बोललं नाही. लोखंडी तारेचा काथ्या चमच्यांना अजिबात नको. त्याचे केसासारखे तुकडे तुटतात, दातांच्या बेचक्यात अडकतात आणि दुसऱ्या दिवशी गंजतात. नीलाक्षी, काट्यांच्या दातांमधले तुमचे ठिपके बहुधा तेच. भांडी घासायला मावशी येत असतील तर चमच्यांसाठी वेगळा मऊ स्पंज ठेवून त्यांना तसं नीट सांगा. कढईचा काथ्या त्याच वाडग्यात ओला पडलेला असतो आणि हात त्यालाच जातो. दोन वाडगे, दोन जागा.

हिरव्या खरखरीत पॅडमध्येही घासणारे कण असतात, आरसा-पॉलिश मंद होतं. दातांच्या बेचक्यांना जुना मऊ टूथब्रश, दांडीच्या दिशेने. गोल गोल घासलेला ओरखडा उजेडात उठून दिसतो, लांबीच्या दिशेचा लपतो.

नाव घातलेल्या चमच्यांवर अक्षरांच्या ठिपक्यांत साबण आणि मीठ साठतं, तिथेही हाच ब्रश.

रसायन
दोन गोष्टी ज्यांच्याकडे लक्ष जात नाही.

एक, आरओच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी. ते वाया जाऊ नये म्हणून भांड्यांना वापरतात. घासायला ठीक, पण शेवटचं विसळणं त्यात करू नका. गाळून वेगळे केलेले क्षार आणि क्लोराइड त्यातच एकवटलेले असतात. ते वाळलं की पांढरे ठिपके ठरलेले. बोअरचं पाणी फार जड असेल तर शेवटी फक्त चमचे एका पातेलीभर पिण्याच्या पाण्यातून काढा. पन्नास चमच्यांना दोन लिटर पुरतं.

दोन, सिंकखालच्या कपाटातली बाथरूमच्या ॲसिडची बाटली. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि बूच घट्ट असलं तरी वाफ सुटते. वरच्या किंवा शेजारच्या खणातल्या चमच्यांवर काही दिवसांत बारीक तांबूस पूड दिसते. बाटली स्वयंपाकघरातून हलवा. आणि ब्लीचच्या जवळ व्हिनेगर, लिंबूफूल काहीही नेऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. चमचे निर्जंतुक करायचे तर उकळत्या पाण्यात ५ मिनिटं पुरे, ब्लीचची गरज नाही.

म्युनिककर
डिशवॉशर वापरणाऱ्यांसाठी. इथलं पाणी जड आहे, त्यामुळे मशीनच्या टाकीत मीठ भरावं लागतं. भरताना बाहेर सांडतंच. ते तसंच राहून दोन दिवसांनी मशीन लावलं की तेवढ्यात खारट ओलाव्याने सुऱ्यांवर ठिपके येतात. मीठ भरलं की लगेच एक फेरी चालवायची.

काटे-चमचे एकमेकांत घुसून बसणार नाहीत असे पसरून लावा, चमच्यात चमचा बसला की मधली जागा धुतली जात नाही. चांदीचे आणि स्टीलचे एका खणात टेकवून ठेवू नका. लोखंडी तवा, किसणी, विळीचं पातं मशीनमध्ये टाकलंत तर त्यांचा गंज पाण्याबरोबर उडून चमच्यांवर बसतो, आणि दोष मात्र चमच्यांना लागतो. फेरी संपली की दार उघडा, वाफ जाऊ द्या. रात्री लावून सकाळी उघडणं सुऱ्यांना मानवत नाही.

वाढपी
हॉटेलात चमचे चकचकीत दिसतात त्यामागे महागडं रसायन नसतं. धुतलेले चमचे कढत पाण्यात (लिटरला १ मोठा चमचा व्हिनेगर) क्षणभर बुडवतात आणि गरम असतानाच सुताच्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसतात. गरम धातूवरचं पाणी पटकन उडतं, चुन्याला वाळायला वेळच मिळत नाही. एका हातात कापडातून दांडी धरायची, दुसऱ्या हाताने खोलगट भाग आधी, मग दांडी. उघड्या बोटाने खोलगट भाग धरायचा नाही. मोठ्या ठिकाणी यासाठी यंत्र असतं, त्यात मक्याच्या कणसाच्या दाण्याविरहित गाभ्याचा भुगा भरलेला असतो आणि चमचे त्यातून थरथरत, कोरडे होऊन बाहेर येतात.

नवीन चमच्यांना कापड काळं होतं तो पॉलिशचा उरलेला मेण-मसाला. आधी खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा, काळं येणं थांबेपर्यंत, मग साबण आणि गरम पाण्याने दोनदा धुवा. किमतीच्या चिकटपट्टीचा गोंदही तेलानेच सुटतो, चाकूने खरवडू नका.

शेगडी
सोनेरी मुलामा असलेल्या चमच्यांना लिंबूफुलाचं पाणी चालेल?

क्रोमियम
नको. चांगल्या प्रतीचा सोनेरी थर निर्वात कक्षात चढवलेला, कठीण असतो. स्वस्तातला नुसता पातळ मुलामा किंवा लाखेसारखं आवरण. बाहेरून फरक कळत नाही, म्हणून दोन्हींना सौम्य साबण, मऊ स्पंज, लगेच पुसणं, एवढंच. आम्ल नाही, पेस्ट नाही, पॉलिश नाही. थर निघालाच तर घरी पुन्हा चढवता येत नाही.

नीलाक्षी
सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. पांढरे ठिपके चुन्याचे निघाले. काट्यांवरचे तांबूस ठिपके सोड्याने गेले, खाली खड्डे नाहीत. पण सुऱ्यांच्या पात्यांवर काळे टोचे राहिले आहेत. त्यांचं काय करता येईल?

धारवाला
नखाचं टोक त्यावरून आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर खड्डा उथळ आहे. भांड्यांना बफिंग करणाऱ्याकडून पातं घासून घेता येईल. त्याला आधी सांगा की पातं तापू देऊ नको, निळं पडलं की कडकपणा गेला. नख अडकत असेल तर घासून खड्डा संपेपर्यंत पातं पातळ होतं. सपाट बाजूवरचे टोचे असतील तर तसंच वापरा. प्रत्येक वेळी धुऊन लगेच पुसलं आणि वर्षाकाठी दोन-तीनदा सोड्याची पेस्ट फिरवली तर ते वाढत नाहीत. धारेवर किंवा दातेरी भागात टोचे असतील तर ती सुरी जेवणाच्या टेबलावरून काढा, त्या खाचांत अन्न अडकतं आणि स्पंज तिथे पोचत नाही. पुढची घेताना अखंड दांडीची घ्या, आणि स्टँडच्या तळाला भोकं आहेत ना ते आज बघा. तळाशी पाणी साचत असेल तर टोकं चोवीस तास त्यातच बुडालेली राहतात.